मक्षिकास्थाने मक्षिका

कारकुनांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक गोष्ट वाचकांपैकी बहुतेकांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ऐकली असेल. कोणा एका दप्तरातील मूळ कागदावर एक माशी चिरडून चिकटली होती. त्या कागदाची नक्कल करावयास बसलेल्या इमानी लेखनिकाने अक्षर न् अक्षर उतरविले. माशीच्या जागेपाशी येताच तो थबकला, उठून त्याने एक माशी मारून आणली आणि नकलेत नेमक्या त्याच ठिकाणी ती डकविली. 'मक्षिकास्थाने मक्षिका' हे वचन तेव्हापासून आमच्या पाठीस लागले आहे. ते ऐकून हसणाऱ्यांत आम्हीही असतो. परंतु २०२५ च्या फेब्रुवारीत एन्नोरच्या खाडीवर एक निराळीच बनावट माशी आमच्या पाहण्यात आली, आणि तेव्हापासून या जुन्या गोष्टीचे आम्हांस पूर्वीइतके हसू येत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या चेन्नईच्या कार्यालयात आमच्याहून वरच्या हुद्द्यावर एक अलिबागकर गृहस्थ आहेत. मूळचे समुद्रकाठचे, तेव्हा माशांविषयी ते बोलू लागले म्हणजे ऐकत राहावे. त्यांचा भाचा अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या आसपास राहतो. त्या नदीत 'स्मॉलमाउथ बास' नावाचा कांस्यवर्णी मासा असतो, आणि उन्हाळ्यात पाण्यावर पडणाऱ्या किड्यांसाठी तो पृष्ठभागावर येतो. त्याला तेथे गाठण्याची जी साधने असतात ती भाच्याने मामांना भेट म्हणून पाठविली: एक लवचीक काठी, जाड दोरीचे रीळ आणि एक चपटी डबी. डबीत पंधरा-वीस किडे होते. कोणी चतुरासारखा, कोणी नाकतोड्यासारखा. अंग बुचाचे किंवा हरणाच्या पोकळ केसांचे, म्हणजे पाण्यावर तरंगावे; पाय रबराच्या बारीक तंतूंचे; पंख कोंबड्याच्या पिसांचे. प्रत्येकाच्या पोटाखाली एक गळ. आम्ही त्यातला चतुर उचलू गेलो, तो क्षणभर बोटे आपोआप मागे आली, इतका तो हुबेहूब होता.

या मासेमारीतील खुबी अशी की, माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. म्हणून माशी फेकता येत नाही. फेकावी लागते ती दोरी. काठी मागेपुढे झुलवून त्या वजनदार दोरीचा लांब वळसा हवेत उलगडावयाचा आणि तिच्या टोकाचा किडा अलगद पाण्यावर उतरवावयाचा. मग काही करावयाचे नाही. उठलेली वर्तुळे विरेपर्यंत थांबावयाचे, आणि पाणी स्थिर झाले की दोरीला किंचित हिसका द्यावयाचा. किड्याच्या खोलगट बुचाच्या तोंडाने पाण्यात 'बुडुक्' असा आवाज होतो. कोणी जीव धडपडतो आहे असे खालच्या माशाला वाटते. आणि तो वर झेपावतो. "अहो, पाणी फुटण्याचा तो एक क्षण पाहण्यासाठी माणसे अर्धा अर्धा दिवस नदीत उभी राहतात," असे अलिबागकर आम्हांस म्हणाले.

युक्ती नवी नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील आस्ट्रेउस नदीवरच्या कोळ्यांची हकिकत लिहून ठेविली आहे. तेथील ठिपकेदार मासे एका विशिष्ट माशीवर तुटून पडत. परंतु माणसाचा हात लागताच त्या माशीचा रंग उडे, पंख सुकत, आणि मग मासे तिला तोंड लावीत नसत. म्हणून कोळ्यांनी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे बांधली. खरे हातात धरता येईना, म्हणून खोटे घडविले गेले. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील पुस्तिकेत अशा बारा माश्यांची कृती दिलेली आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, या नोंदीमुळे मराठी अभ्यासक ज्याचे नाव आदराने घेतात तोच हा ग्रंथ. कोणत्या माशास कोणते खाद्य, काठी कशी, दोरी कशाची, याचा विचार राजाने त्यात केला आहे. आणि हा उद्योग पोटासाठी नव्हे, करमणुकीसाठी, हे प्रकरणाच्या नावातच आहे. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे राजे आणि सरकारी नोकर या दोघांनाही हा छंद जुनाच आहे.

अलिबागकरांना अर्थातच चेन्नईत बास मिळणार नव्हता. परंतु एन्नोरच्या खाडीत कोडुवा मिळतो. कोडुवा म्हणजे आपला जिताडा. अलिबाग-पेणकडच्या वाचकांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. "आमच्याकडे जावयाला आणि साहेबाला जिताडा देतात," असे सांगून अलिबागकर हसले, "दोघांनाही गळ दिसत नाही!" जिताडाही पाण्याच्या पृष्ठभागावरील भक्ष्यावर झडप घालतो, फक्त तेथे किड्याऐवजी उसळणाऱ्या कोळंबीचे सोंग अधिक चालते. तेव्हा एका रविवारी पहाटेच्या गुम्मिडीपूंडी लोकलने आम्ही दोघे एन्नोरला गेलो.

एन्नोरला कोसस्थलैयार नदी बंगालच्या उपसागरास मिळते. काठावर कोळ्यांची 'कुप्पम्' म्हणजे वाड्या आहेत; त्यांतील एकीचे नाव मुगत्तुवारकुप्पम्. 'मुगत्तुवारम्' म्हणजे मुखद्वार, नदीमुख. परक्या भाषेत असा एखादा ओळखीचा शब्द भेटला म्हणजे घरचे माणूस भेटल्यासारखे होते. बाकी दृश्य मात्र घरचे नव्हे. क्षितिजावर वीजकेंद्राच्या चिमण्या, २००१ साली सुरू झालेले बंदर, आणि वर्षानुवर्षे साठलेल्या राखेने उथळ झालेले पाणी. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल वाहत आले आणि या खाडीवर पसरले. होड्या, जाळी, तिवरांची मुळे, सारे काळे झाले; कोळ्यांचा धंदा बसला. पाणी दिसावयास आता पूर्ववत झाले आहे. तेथील लोक मात्र ते तेवढ्या भोळेपणाने पाहत नाहीत.

साठीच्या घरातील एक कोळी काठावर जाळे नीट करीत बसले होते. आम्ही त्यांना 'अण्णा' म्हटले, त्यांनी आम्हांस 'सार' म्हटले, आणि आमच्या सहा वर्षांच्या मोडक्या तमिळवर संभाषण सुरू झाले. अलिबागकरांची डबी त्यांनी कुतूहलाने पाहिली, एक किडा तळहातावर उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पोय् पूच्चि." खोटा किडा. त्यात निंदा नव्हती. वस्तूचे नाव सांगावे तसे त्यांनी ते सांगितले.

तासाभराने पाणी फुटले. काठी वाकली, अलिबागकरांचा चेहरा विशीतल्या मुलासारखा उजळला, आणि थोड्या झगड्यानंतर दीड वितीचा एक कोडुवा काठाशी आला. अलिबागकरांनी हात ओले करून त्याला हळुवार धरिले, ओठातील गळ सोडविला आणि त्यास पुन्हा पाण्यात सोडून दिले. ही जात बहुधा आधी नर असते व काही वर्षांनी मादी होते. लहान मासा सोडला तर पुढे तो शेकडो पटींनी परत मिळेल, असे त्यांनी समजाविले. अण्णांनी हे सर्व शांतपणे पाहिले आणि एकच शब्द विचारला, "एदुक्कु?" कशासाठी? लहान मासा सोडण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, तेही सोडतात. त्यांचा प्रश्न असा होता की, खावयाचा नव्हता तर धरिला कशासाठी?

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी या प्रश्नाची चर्चा केली, आणि त्यानंतर आम्ही एकट्याने अधिक केली. भर्तृहरीने नीतिशतकात हरिण, मासा आणि सज्जन यांना एका पंक्तीस बसविले आहे. तिघे गवतावर, पाण्यावर आणि संतोषावर जगतात, तरी पारधी, कोळी आणि चहाडखोर हे त्यांचे अकारण वैरी होतात, असा त्याचा आशय. एन्नोरच्या काठावर उभे राहून पाहिले तर कवीने कोळ्यावर अन्याय केला असे म्हणावे लागते. अण्णांच्या वैराला कारण आहे. त्यांच्या घरी चूल आहे. अकारण वैर असेल तर ते आमच्या अलिबागकरांचे.

अलिबागकरांनी आपली बाजू चांगली मांडली. सृष्टीतच सोंगे भरलेली आहेत, असे ते म्हणाले. पानासारखा दिसणारा किडा, काडीसारखा बसणारा बगळा, यांना कोणी खोटे म्हणत नाही. शिवाय अण्णा गळाला खरी कोळंबी लावतात तेव्हा तीही फसवणूकच नव्हे काय? आणि शेवटी, अण्णांचा मासा मरतो, आपला जगतो. माशाला विचारले तर तो कोणाच्या गळास लागणे पसंत करील?

या शेवटच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि नाही. माशाच्या वेदनेविषयी पूर्वीसारखे निर्धास्त राहता येत नाही, एवढे खरे. ट्राउट माशाच्या ओठांत वेदना ग्रहण करणारे मज्जातंतू असल्याचे २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन यांच्या संशोधनाने दाखविले. आणि स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिरक्षण नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास मनाई केली. तरीही वेदना आणि मृत्यू यांचा तराजू धरिला तर पारडे अलिबागकरांकडे झुकते, हे आम्ही मान्य केले. मग मनास जे खुपत होते ते काय?

त्याचा उलगडा आम्हांस बासच्याच एका सवयीने झाला. वसंतात बासचा नर नदीतळाच्या खडीत खळगा करितो. मादी अंडी घालून निघून जाते आणि तो एकटा त्यांची राखण करीत राहतो. जवळ येईल त्यावर तो तुटून पडतो. हे ठाऊक असलेला मनुष्य त्या खळग्यावर पिसाची माशी सोडतो, आणि नर तीवर धावतो. भुकेने नव्हे, बापाच्या कर्तव्याने. तो वर ओढला जातो तेवढ्या वेळात इतर मासे अंडी खाऊन टाकतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील बऱ्याच भागांत म्हणूनच वसंतात काही काळ बास धरण्यास बंदी असते. येथे मासा फसतो तो मूर्खपणामुळे नव्हे. त्याच्या ठायी जे उत्तम आहे त्याच्याच दोरीने त्याला ओढलेले असते.

आणि थोडा अधिक विचार केला तर प्रत्येक फसवणुकीचे स्वरूप असेच आहे. पाण्यावर जे धडपडते ते अन्न असते, हा माशाचा विश्वास वेडगळ नाही. हजार वेळा तो खरा ठरलेला आहे, म्हणून तर मासा जगला. पिसाची एक माशी काम करते, कारण आजवर असंख्य खऱ्या माश्या त्या पाण्यावर पडलेल्या असतात. खोट्याला स्वतःची पत नसते. ते खऱ्याच्या पतीवर उचल घेते. अण्णांची कोळंबीही सापळाच आहे, हे खरे. परंतु निदान ती कोळंबी आहे. पिसाच्या माशीत आतबाहेर काहीच नाही, केवळ 'असल्यासारखे' आहे.

नदीवर ही उचल फारशी जाणवत नाही. खऱ्या माश्या रोज पडतच राहतात आणि माशाचा विश्वास पुन्हा भरून निघतो. तरी ज्या पाण्यात अशी मासेमारी फार होते तेथले मासे बुजतात, पाण्यावर खरा किडा पडला तरी दोनदा पाहून घेतात, असे हा छंद करणारेच सांगतात. येथपर्यंत विचार आला तेव्हा आम्हांस एन्नोरचीच दुसरी एक घटना आठवली, जी अलिबागकरांना सांगावयाची आम्ही टाळली होती.

निघण्यापूर्वी अण्णांनी घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेविलेला एक कागद आणून आमच्या हाती दिला होता. तेलाने खराब झालेल्या जाळ्यांबद्दल त्यांनी एका कार्यालयाकडे अर्ज केला होता, त्याचे ते इंग्रजी उत्तर होते. कोणत्या कार्यालयाचे, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही सरकारी माणूस, तेव्हा अर्थ सांगू, अशी त्यांची अपेक्षा. उत्तर चार ओळींचे होते. अर्ज प्राप्त झाला आहे. तो योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात येत आहे. नियमानुसार यथावकाश विचार करण्यात येईल. क्रमांक होता, दिनांक होता, शिक्का होता, सही होती. पंख होते, पाय होते. आम्ही ते तमिळमध्ये सांगू लागलो आणि दोन वेळा अडखळलो. भाषा मोडकी म्हणून नव्हे, सांगण्याजोगे काही सापडेना म्हणून. अण्णा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आमावा, इल्लैया?" होय की नाही?

आम्हांस ते सांगता आले नाही. लाज वाटली ती याची की, त्या चार ओळी आम्हांस पाठ होत्या. त्याच आठवड्यात आम्ही स्वतः त्या लिहिल्या होत्या. एका मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या टेबलावर होते. एक दाखला कमी होता, आणि तो कोणी मागवावयाचा याचा निर्णय होत नव्हता. मध्यंतरी तिचे स्मरणपत्र आले. उत्तर धाडणे भाग होते. आम्ही जुन्या फायलीतून मसुदा काढला, नाव बदलले आणि पाठविला. मक्षिकास्थाने मक्षिका. त्यावर तिचे उत्तर आले होते. वेड्यावाकड्या अक्षरांत तिने आमचे आभार मानले होते. प्रकरण मार्गी लागले असे तिला वाटले होते.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांनी अशी पत्रे लिहिली असतील, आणि कोणाला फसवावे असे आपल्या मनात आले नसेल. आमच्याही मनात आले नव्हते. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले तेव्हा आपण काय करितो आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणून तर त्याचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली आला. आपला रथ पहिल्यापासूनच जमिनीवर असल्यामुळे आपल्याला खाली आल्याचा धक्काही बसत नाही. अलिबागकरांना निदान आपली माशी खोटी आहे हे माहीत असते. ती बांधणाऱ्याला खरा चतुर कसा बसतो, कोणत्या ऋतूत येतो, पाण्यावर कसा थरथरतो, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. आमच्या चार ओळी लिहावयास त्या बाईकडे एकदाही पाहावे लागले नाही.

आणि नदीत व दप्तरात एक मोठा भेद आहे. नदीवर खऱ्या माश्या आकाशातून पडतात. माणसाने कितीही सोंगे सोडली तरी सृष्टी त्यांची भरपाई करिते. सरकारी कागदाची पत मात्र दुसरे कोणी राखणार नाही. शिक्क्याखालच्या शब्दाला अर्थ असतो हा लोकांचा विश्वास आपल्या आधीच्या कारकुनांनी एकेक खरे पत्र लिहून जमविला, आणि आपण तो चार-चार ओळींनी खर्च करीत आहोत. ती विधवा अजून पाण्यावर येते. एन्नोरचे अण्णा येईनासे झाले आहेत. ते खालूनच विचारतात, होय की नाही? उद्या खरेच अन्न पडले तरी ते बुजतील, आणि त्यांना संशयी म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

सोमवारी आम्ही ते प्रकरण पुन्हा काढले आणि बाईंना मराठीत दुसरे पत्र लिहिले, कारण त्या नागपूरकडच्या होत्या. त्यात लिहिले की, आपले निवृत्तिवेतन अद्याप मंजूर झालेले नाही. अमुक दाखला कमी आहे. तो अमुक ठिकाणी मिळतो. तो आल्यावाचून काम पुढे जाणार नाही. आणि मागील पत्रात हे लिहावयास हवे होते. मसुदा सहीसाठी अलिबागकरांकडेच जावयाचा होता. त्यांनी तो दोनदा वाचला. शेवटचे वाक्य खोडावे की काय, अशा विचाराने त्यांची लेखणी क्षणभर त्यावर थांबली. मग ते म्हणाले, "अहो, यात तुम्ही गळ उघडाच ठेवलात," आणि त्यांनी सही केली. वाक्य राहिले.

या एका पत्राने काही मोठे घडले असा आमचा दावा नाही. अण्णांच्या अर्जाचे उत्तर आमच्या हाती नव्हते. दुसऱ्या रविवारी जाऊन आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, या कागदात 'होय' नाही आणि 'नाही'ही नाही, आणि पुन्हा अर्ज करावयाचा तर प्रश्न एकाच ओळीत विचारावा. तो अर्ज आम्ही त्यांच्या सांगण्यावरून लिहून दिला. अलिबागकर पाण्यात दोरी उलगडीत उभे होते. त्यांचा छंद सुटलेला नाही, आणि तो सोडावा असे आम्ही त्यांना सांगितलेले नाही. फक्त विणीच्या दिवसांत ते आता एन्नोरला जात नाहीत. खोटी माशी डबीत असावी, आणि ती खोटी आहे हे डबी बाळगणाऱ्यास ठाऊक असावे, एवढ्यावर आमची त्यांच्याशी तडजोड झाली आहे. आमच्या टेबलाच्या खणात त्या चार ओळींचा मसुदा अजून आहे. तो आम्ही फाडलेला नाही. पण मागील बाजूस पेन्सिलीने लिहून ठेविले आहे: पोय् पूच्चि.